मुरुमांचे खड्डे, कीलॉइड, टाक्यांचे आणि भाजल्याचे वण: पेशंट नेहमी विचारतात ते प्रश्न

त्वचारोगाच्या ओपीडीत वणांसाठी येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा यंत्राबद्दल असतो. लेझर आहे का, कुठल्या कंपनीचं, एका सिटिंगचे किती? मला मात्र आधी पेशंटची खुर्ची खिडकीकडे फिरवायची असते आणि चेहरा तिरप्या उजेडात बघायचा असतो. वण कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. चुकीच्या वणावर उत्तम यंत्र चालवलं तरी पैसे वाया जातात, आणि कधी कधी वण वाढतो. म्हणून हे प्रश्न वणांच्या जातीप्रमाणे घेतले आहेत.

पिंपल गेलं, पण काळा डाग राहिला. हा वणच ना?

बहुतेक वेळा नाही. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. बोटाला काही लागत नसेल आणि फरक फक्त रंगाचा असेल, तर तो डाग आहे. दाह शमल्यावर तिथे रंगद्रव्य साचून राहतं. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत हे फार होतं. असे डाग उन्हापासून जपल्यावर काही महिन्यांत आपोआप फिके होतात. अझेलाइक ॲसिड किंवा रेटिनॉइडचं मलम दिलं तर लवकर होतात. त्यासाठी खड्ड्यांचे उपचार करू नका.

वण म्हणजे त्वचेच्या आतल्या थराची घडणच बदललेली असते. भरताना कोलॅजन (त्वचेला बांधून ठेवणारे प्रथिनाचे धागे) कमी पडलं तर खड्डा होतो, गरजेपेक्षा जास्त झालं तर उंचवटा येतो. पुढचे सगळे उपचार या दोन घराण्यांत वाटले जातात, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला चालत नाही.

वण पूर्ण निघून जाईल का?

नाही. हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं. भरून आलेली त्वचा मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्के ताकदीपर्यंतच पोचते, आणि वणात केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत. आपण काय करू शकतो? खड्डा उथळ करू शकतो, उंचवटा बसवू शकतो, ताठ वण मऊ करू शकतो, रंग आजूबाजूशी जुळवू शकतो. खड्डा डोळ्यांत भरतो तो मुख्यतः त्याच्या सावलीमुळे. कडा बोथट झाल्या की सावली कमी पडते आणि समोर बोलणाऱ्या माणसाचं तिकडे लक्ष जात नाही. माझ्या मते उपचाराचं खरं माप हे आहे.

प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून घ्या, एकाच जागी, एकाच उजेडात, मोबाइलचा ब्यूटी मोड बंद करून.

माझ्या गालावर खड्डे आहेत. ते कोणत्या प्रकारचे हे मला ओळखता येईल का?

बऱ्यापैकी येईल. रात्री खोलीतला दिवा मालवा, आरशासमोर उभे राहा आणि मोबाइलचा टॉर्च कानाच्या बाजूने गालावर आडवा धरा.

टाचणी टोचल्यासारखी, अरुंद आणि खोल भोकं दिसली तर ते आइसपिक. तोंड दोन मिलिमीटरपेक्षा कमी, पण खोली डर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या आतल्या थराच्या, तळापर्यंत. कडा उभ्या आणि तळ सपाट, कांजिण्यांच्या वणासारखा आकार दिसला तर बॉक्सकार. आणि गाल लाटा उठल्यासारखा वरखाली दिसत असेल, कडा कुठे सुरू होते तेच कळत नसेल, तर रोलिंग. आता दोन बोटांनी गाल हलकेच ताणा. रोलिंगचे खड्डे ताणल्यावर जवळजवळ नाहीसे होतात, आइसपिक तसेच राहतात.

एकाच चेहऱ्यावर तिन्ही प्रकार असणं हेच नेहमीचं. एकाच उपचाराचं ‘पॅकेज’ बहुतेकांना पुरत नाही ते यामुळे.

मग कोणत्या खड्ड्याला काय करतात?

या प्रश्नाला वेळ देतो, कारण सगळा फरक इथेच पडतो.

आइसपिकसाठी टीसीए क्रॉस. ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडचं तीव्र द्रावण, ६५ ते १०० टक्क्यांचं, टोकदार लाकडी काडीने फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवतात. कोरियातल्या डॉक्टरांनी २००२ साली ही पद्धत मांडली. काही सेकंदांत तो ठिपका पिठासारखा पांढरा होतो, तेवढ्यापुरतं झोंबतं. नंतर बारीक खपली धरते आणि आठवड्याभरात पडते. आत नवं कोलॅजन बनून खड्डा तळापासून भरत येतो. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा करावं लागतं. काडी कडेला लागली तर खड्डा रुंद होऊ शकतो, हात स्थिर लागतो. हे ॲसिड ऑनलाइन मिळतं म्हणून घरी करून बघणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि गालावर मूळ खड्ड्याच्या दुप्पट वण घेऊन ती आली होती. कृपा करून हे करू नका.

रोलिंगसाठी सबसिजन. हे खड्डे पडतात कारण त्वचेला खालून तंतू बांधून ठेवतात, गादीला टाके घातल्यावर जसे खळगे पडतात तसे. वरून कितीही लेझर मारा, खालचा टाका सुटत नाही. भूल देऊन सुई किंवा बोथट टोकाची कॅन्युला (पोकळ बारीक नळी) त्वचेखाली सरकवतात आणि ते तंतू तोडतात. पेशंटला दुखत नाही, पण तंतू तुटताना कर्र असा आवाज जाणवतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो. नंतर सूज येते, निळेजांभळे चट्टे आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे राहतात. ऑरेंट्राइख या अमेरिकन त्वचातज्ज्ञ पितापुत्रांनी १९९५ मध्ये या पद्धतीला नाव दिलं. साधी सुई, कमी खर्च, आणि तरीही रोलिंग खड्ड्यांसाठी मला यापेक्षा भरवशाचं काही वाटत नाही. जाहिरातीत ते दिसत नाही, कारण विकायला मोठं यंत्र नाही.

बॉक्सकार उथळ असतील तर फ्रॅक्शनल लेझर (त्वचेवर बारीक ठिपक्यांत चालणारं) किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं). खोल आणि मोजके असतील तर पंच: गोल पात्याने खड्डा काढून एखादा टाका घालतात, किंवा तळ चांगला असेल तर तोच उचलून पातळीवर आणतात.

गालाचं मांसच कमी झालेलं असेल तर फिलर (त्वचेखाली भरायचं जेलचं इंजेक्शन) किंवा स्वतःच्या चरबीचं रोपण. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर कायमचा नसतो, काही महिन्यांनी विरतो.

क्रम साधारण असा: आधी सबसिजन आणि क्रॉस, मग वरचा पोत सुधारायला लेझर किंवा मायक्रोनीडलिंग.

लेझर चांगलं की मायक्रोनीडलिंग?

फ्रॅक्शनल लेझरची कल्पना २००४ मध्ये आली. आधीची लेझर पूर्ण कातडी सोलून काढत. हे लेझर किरणांचे बारीक खांब सोडतं आणि मधली त्वचा शाबूत ठेवतं, त्यामुळे लवकर भरून येतं. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, अर्बियम यॅगची २,९४०. दोन्ही पाण्यात शोषली जातात, म्हणजे त्वचेतल्या पाण्याची वाफ करूनच काम करतात. परिणाम चांगला मिळतो. पाच ते सात दिवस चेहरा लाल आणि वाळूच्या कागदासारखा खरखरीत राहतो.

आपल्याकडची खरी अडचण उष्णता. सावळ्या त्वचेला जास्त ऊर्जा दिली की खड्डा सुधारतो आणि वर काळपटपणा येतो, तो उतरायला महिने लागतात. गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली सेटिंग इथे जशीच्या तशी वापरता येत नाही. मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नाही, फक्त सुया टोचल्या जातात, म्हणून काळपटपणाचा धोका कमी. सुईच्या टोकातून रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींची उष्णता, देणारी यंत्रं या दोहोंच्या मध्ये बसतात: उष्णता आत खोल जाते, वरचा थर बराच वाचतो. शेतात, साइटवर, दुचाकीवर दिवसभर उन्हात असणाऱ्याला मी शक्यतो लेझरने सुरुवात करत नाही.

ओठांवर वरचेवर पुरळ उठत असेल (हर्पिस, ज्याला बरेच जण ‘जर उठली’ म्हणतात) तर ते आधी सांगा. लेझरच्या आधी विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्या लागतात.

घरच्या घरी डर्मारोलर फिरवला तर?

नको. दवाखान्यात सुई दीड ते अडीच मिलिमीटर आत जाते, निर्जंतुक असते, एका पेशंटनंतर फेकली जाते. घरी मिळणारी सुई आखूड असेल तर खड्ड्यापर्यंत पोचत नाही, लांब असेल तर जंतू आत नेते. चेहऱ्यावर एखादा चामखीळ असला तर रोलर तो गालभर पेरतो. रोलर फिरला त्या रेषेत ओळीने चामखीळ उगवलेला एक कॉलेजचा मुलगा मला अजून आठवतो.

मुरुम अजून येतात, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. खड्ड्यांचं आत्ता करू का?

आधी मुरुम आटोक्यात आणा. नवे मुरुम येत राहिले तर नवे खड्डे पडत राहतात. गोळ्यांबद्दल पूर्वीचा नियम होता की बंद केल्यावर सहा महिने काहीच करायचं नाही. तो आता तितका कडक राहिलेला नाही. वरवरचे पील (ॲसिडने वरचा थर सोलणं), मायक्रोनीडलिंग, फ्रॅक्शनल लेझर गोळ्या चालू असतानाही सुरक्षित करता येतात असं २०१७च्या सुमारास भारतातल्या आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी मांडलं. पूर्ण चेहऱ्याचं डर्माब्रेजन (यंत्राने त्वचा घासून काढणं) आणि कातडी सोलणारी लेझर मात्र अजून टाळतात. गोळी घेत असाल तर ती लपवू नका, एवढंच.

दोन महिन्यांवर लग्न आहे. होईल ना?

खड्ड्यांसाठी दोन महिने पुरत नाहीत. कोलॅजन बनायला आणि बसायला वेळ लागतो. शेवटच्या सिटिंगनंतरही तीन ते सहा महिने सुधारणा चालू राहते. दोन महिन्यांत डाग फिके करता येतात, मुरुम आवरता येतात. लग्नाच्या तोंडावर कुणी जोरकस लेझर सुचवलं तर नाही म्हणा. हळदीच्या दिवशी गाल काळवंडलेले असण्यापेक्षा खड्डे असलेले परवडले. साखरपुडा ठरला की लगेच या, तेव्हा काहीतरी ठोस करता येतं.

फार दुखतं का?

सुन्न करणारं मलम पाऊण ते एक तास लावून ठेवतात, वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म. त्यानंतर लेझर किंवा सुया सोसवतात. सबसिजन आणि पंचला इंजेक्शनची भूल लागते.

कान टोचला तिथे गाठ आली आणि वाढतेच आहे. कापून टाकू का?

नुसती कापू नका. ही बहुधा कीलॉइड आहे, आणि नुसती कापलेली कीलॉइड अर्ध्याहून अधिक वेळा परत येते, अनेकदा आधीपेक्षा मोठी होऊन.

आधी फरक समजून घ्या. टाक्यांच्या रेषेपुरताच उंचावलेला, लाल, खाजणारा वण असतो तो हायपरट्रॉफिक. जखमेची हद्द तो ओलांडत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत थोडा बसतोही. कीलॉइड हद्द ओलांडते. टाचणीएवढ्या भोकाची सुपारीएवढी गाठ होते. फ्रेंच त्वचातज्ज्ञ आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नाव रूढ केलं, ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून. छातीवरची कीलॉइड पाहिली की नाव पटतं, दोन्ही बाजूंना नांग्या पसरलेल्या असतात. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदा, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कडा या तिच्या आवडत्या जागा. दंडावरच्या बीसीजीच्या वणाचीही कधी कधी होते. घरात आई-वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते.

उपचाराची सुरुवात गाठीच्या आत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने. तीन-चार आठवड्यांनी एक, अशी अनेक. पहिलं इंजेक्शन देताना औषध आत शिरत नाही इतकी गाठ टणक असते, डॉक्टरचा अंगठा दुखतो आणि पेशंटचा जीव जातो. म्हणून आधी द्रव नायट्रोजनने गोठवून ती मऊ करतात. दाद मिळत नसेल तर फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारं औषध मिसळतात. खाज आणि टोचणी आधी थांबते, आकार नंतर उतरतो. औषध आजूबाजूला गेलं तर त्वचा पातळ आणि पांढुरकी होऊ शकते.

कानाची गाठ मोठी असेल तर कापायची, पण लगोलग इंजेक्शनं, दाब देणारं कर्णभूषण, किंवा निवडक पेशंटमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांत रेडिएशन, यांची जोड देऊनच. नंतर निदान दोन वर्षं डोळा ठेवायचा.

ज्यांना एकदा कीलॉइड झाली त्यांनी दुसरा कान टोचणं, टॅटू, छातीवरचा तीळ ‘सहज’ काढून घेणं टाळावं. नाक टोचल्यावर येणारा लहानसा लाल फोड मात्र बहुतेकदा कीलॉइड नसतो, तो साध्या उपचारानेही जातो. आधी दाखवा, मग घाबरा.

सिझेरियनचा किंवा अपघाताच्या टाक्यांचा वण कसा कमी होईल?

जखम पूर्ण मिटली की सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी. पट्टी दिवसातले बारा तास तरी अंगावर हवी, आणि दोन-तीन महिने सलग. इथेच बहुतेक जण कंटाळतात. सोबत बोटांनी हलका मसाज. वण लाल आहे तोवर तो बदलतो आहे, म्हणून पुन्हा कापून नीट शिवायचा निर्णय साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून घेतात. चेहऱ्यावरचा वण सुरकुतीच्या दिशेला आडवा जात असेल तर झेड-प्लास्टीने (इंग्रजी झेडच्या आकारात कापून पुन्हा शिवून) त्याची दिशा बदलता येते.

जड दागिन्यांनी फाटलेली कानाची पाळी हा वेगळा आणि सोपा विषय आहे. भूल देऊन कडा ताज्या करून शिवली की आठवड्याभरात टाके निघतात. पुन्हा टोचायचं ते काही महिन्यांनी आणि जुन्या रेषेपासून दूर.

भाजल्याच्या वणाला कॉस्मेटिक उपचार होतो का?

होतो, पण आधी हालचाल, मग दिसणं. मान, काख, कोपर, बोटं इथला भाजल्याचा वण आकसतो आणि सांधा वाकवून ठेवतो. मूल असेल तर हाड वाढतं, वण वाढत नाही. व्यायाम, स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार), आणि दिवसाचे तेवीस तास घालायचे घट्ट कपडे महिनोन्‌महिने चालतात. आकसलेला भाग सोडवायला प्लास्टिक सर्जन लागतो, त्वचारोपण लागू शकतं. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी हे सगळं एका छताखाली होतं. ताठ, जाड वणावर फ्रॅक्शनल लेझरने मऊपणा आणि खाज यांत खरा फरक पडतो. आरशापेक्षा रात्रीची झोप सुधारली हे पेशंट आधी सांगतात.

ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्तींना कोणतंही रुग्णालय, सरकारी वा खासगी, मोफत उपचार नाकारू शकत नाही. हा कायदा आहे. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदतही मिळते.

जुन्या भाजल्याच्या वणावर जखम झाली आणि ती बरी होत नसेल, तर मलमांवर वेळ घालवू नका. अशा वणात अनेक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. तुकडा काढून तपासायलाच हवा.

बाळंतपणानंतरचे पोटावरचे स्ट्रेच मार्क्स?

लाल-जांभळे असताना उपचार बरा लागू पडतो. पांढरे झाल्यावर मायक्रोनीडलिंग किंवा लेझरने पोत थोडा सुधारतो. तेलांवर फार खर्च करू नका.

हातावर स्वतः केलेल्या कापण्याच्या खुणा आहेत. विचारायला संकोच वाटतो.

संकोच करू नका. आम्ही कारण खोदून विचारत नाही. समांतर रेषा ओळखू येतात, म्हणून लेझरने किंवा इतर उपायांनी त्यांचा तो ठरावीक आकार मोडायचा प्रयत्न करतात. पूर्ण बाही घालून उन्हाळा काढणाऱ्याला तेवढंही पुष्कळ असतं. ती इच्छा अजून मनात येत असेल तर आधी तिकडे लक्ष देऊ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

हळद, लिंबू, मेडिकलमधून आणलेलं गोरं करणारं क्रीम?

लिंबाने त्वचा भाजते आणि काळी पडते. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चोळल्याने वण सुधारत नाही, काहींना पुरळ मात्र उठतं. हळदीने खड्डा भरत नाही.

क्रीमचं प्रकरण गंभीर आहे. त्यातल्या अनेक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुम उसळतात, क्रीम सोडलं की आग होते. २०१८ पासून अशा अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी ती मिळतात, शेजारीण सुचवते, भाऊ आणून देतो. अशा त्वचेवर काही महिने कुठलाही लेझर करता येत नाही.

मेडिक्लेममध्ये बसतं का?

मुरुमांचे खड्डे बसत नाहीत. विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये कॉस्मेटिक उपचार वगळलेले आहेत, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना त्यातून सोडलेली आहे. त्यामुळे भाजल्यावर आकसलेला वण सोडवायचा असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत कारण आणि हालचालीतली अडचण स्पष्ट लिहून घ्या.

डॉक्टर कसा निवडायचा?

पदवी विचारा. त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, अथवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो. मग एकच प्रश्न टाका: माझ्या चेहऱ्यावर कोणत्या प्रकारचे वण आहेत? जो हात लावून, त्वचा ताणून, प्रकार सांगतो त्याच्याकडे थांबा. काउंटरवरच सहा सिटिंगचं पॅकेज कापलं जात असेल तर उठा. यंत्र प्रत्यक्ष कोण चालवणार हेही विचारा.

मुलाला आत्ताच गालावर लागलंय. वण पडू नये म्हणून काय करू?

वाहत्या पाण्याने धुवा. भाजलं असेल तर साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, शाई काही नको. जखमेच्या कडा उघड्या असतील तर त्याच दिवशी टाके घालून घ्या. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, जास्त ठेवले तर त्यांचीच शिडी उमटते. ‘वारा लागू दे, खपली धरू दे’ हा आजीचा सल्ला इथे बाजूला ठेवा. साधं पेट्रोलियम जेली लावून झाकलेली, ओलसर ठेवलेली जखम लवकर आणि सपाट भरते. खपली नखाने काढू देऊ नका. भरल्यावर बाहेर जाताना सनस्क्रीन, निदान एसपीएफ ३०, आणि टोपी. तीन-चार आठवड्यांनी बोटाला उंचवटा लागला किंवा मूल सारखं खाजवायला लागलं, तर दहावी-बारावी होईपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात घेऊन या.